पाणी एक, यंत्रणा अनेक

वाशीम : नळाला आलेले पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, हा नागरिकाच्या दृष्टीने एकच प्रश्न असतो. शासनदरबारी मात्र त्याचे उत्तर एका कार्यालयात मिळत नाही. धरण एका खात्याचे, शुद्धीकरण दुसऱ्याचे, तपासणी तिसऱ्याची आणि साथ पसरल्यास धावपळ चौथ्याची, अशी ही विभागणी आहे.

वाशीम शहराला एकबुर्जी, तर कारंजा शहराला अडाण प्रकल्पातून पाणी मिळते. हे प्रकल्प जलसंपदा विभागाचे; शुद्ध पाणी घरोघरी पोहोचविण्याचे दायित्व मात्र नगर परिषदेचे. कारखान्यांच्या सांडपाण्यावर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यान्वये राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहेत.

ग्रामीण भागात ही साखळी अधिक लांब आहे. १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी हा विषय पंचायत राज संस्थांच्या कक्षेत आणला. त्यानुसार पाणी निर्जंतुक करण्याचे काम ग्रामपंचायतीचे असून, प्रत्यक्षात ते जलसुरक्षक करतो. पाणीनमुन्यांची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत होते. जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग योजना व दुरुस्ती पाहतो, तर आरोग्य विभाग साथीवर लक्ष ठेवतो. पाण्याच्या स्रोतांचा परिसर, गळती आणि निर्जंतुकीकरणाची स्थिती पाहून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. लाल म्हणजे तीव्र जोखीम.

दुवा कोठे निखळतो?

नमुना दूषित असल्याचे प्रयोगशाळेला कळते. पण विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणारा हात गावात असतो. अहवाल त्या हातापर्यंत पोहोचण्यास जितके दिवस लागतात, तितके दिवस गाव तेच पाणी पिते. पावडर हवा, ओल आणि ऊन लागल्यास निष्प्रभ होते. त्यामुळे केवळ खरेदीची पावती पुरेशी नाही. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) निर्जंतुक केलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन शिल्लक असावे लागते. ही तपासणी गावातच, काही मिनिटांत होऊ शकते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संच हाताळण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली, ती याच कारणासाठी.

रासायनिक दोषांचे गणित निराळे आहे. खते आणि मैला यांच्यामुळे भूजलात वाढणारे नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास ते तान्ह्या बालकांना घातक ठरू शकते. ते क्लोरिनने जात नाही आणि उकळल्यानेही कमी होत नाही. अशा वेळी पर्यायी स्रोत शोधावा लागतो. तो ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचा असल्याने भूजल यंत्रणा व जिल्हा परिषद यांनीच पुढे यावे लागते.

म्हणूनच दूषित नमुन्याचा अहवाल एकाच दिवशी ग्रामपंचायत, पाणीपुरवठा विभाग आणि प्राथमिक आरोग्य केंद्र या तिघांच्या हाती पडणे आणि उपाययोजनेनंतर फेरतपासणी होणे, हा समन्वयाचा खरा निकष ठरतो. ग्रामसभेत गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, शेवटचा अहवाल केव्हाचा आणि त्यावर कोणी काय केले, हे तीन प्रश्न विचारले गेल्यास जबाबदारी एकमेकांवर ढकलण्यास फारसा वाव उरणार नाही.