लडाखच्या चुलीपाशी

लडाखला जाऊन आलेल्या मैत्रिणीला ‘काय काय पाहिलंस?’ म्हणून विचारा. पँगाँगचं निळं पाणी, खारदुंग ला, नुब्रातले दोन वशिंडांचे उंट, डोंगरकड्यावरच्या गोंपा, सगळं ती भरभरून सांगेल. पण ‘तिथल्या बायका रांधतात काय गं?’ असं विचारलंत, तर बहुधा उत्तर येईल, ‘अगं, आमच्याबरोबर आचारी होता ना! रोज वरण-भात, पोळी, एक दिवस तर चक्क श्रीखंड!’

आता इतक्या दूर जाऊन श्रीखंडच खायचं, तर घरी काय वाईट होतं? खरं सांगायचं तर लडाख समजून घ्यायचं असेल, तर तिथल्या चुलीपाशी घटकाभर बसायला हवं. तिथल्या गृहिणीची प्रत्येक सवय दोन गोष्टींच्या टंचाईतून आली आहे: पाणी आणि सरपण.

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटरवर, म्हणजे साडेअकरा हजार फुटांवर आहे. हिमालयाची भिंत पावसाळी ढग अडवते, त्यामुळे वर्षाचा पाऊस सारा चार इंचांच्या आसपास. मुंबईत जुलैमधल्या एखाद्या दिवशीच तेवढा पडून जातो! डोंगर उघडेबोडके. जिथे बर्फ वितळून आलेला ओढा, तिथेच काय ती हिरवळ, आणि तिथेच गाव. थंडीत पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. चार-पाच महिन्यांच्या उन्हाळ्यात एकच पीक घ्यायचं आणि वर्षभर पुरवायचं. आज विमानं बाराही महिने येतात, पण पूर्वी खिंडी बर्फानं बंद झाल्या की सगळी भिस्त घरातल्या कोठीवर.

आणखी एक गंमत बघा. इतक्या उंचीवर पाणी १०० अंशांना नव्हे, ८८ अंशांच्या सुमारासच उकळतं. म्हणजे ते खळाखळा उकळताना दिसतं, पण डाळ काही शिजत नाही. कुकर नसेल तर तासन्‌तास जाळ घालायचा, आणि जाळायला लाकूड कुठलं? याक आणि गाईच्या शेण्या, तेवढंच सरपण. मग त्या बायकांनी काय केलं? धान्य आधीच भाजून ठेवलं! सातू, म्हणजे जव, धुवायचा, भाजायचा आणि ओढ्यावरच्या पाणचक्कीत दळायचा. हे पीठ चहात, ताकात कालवलं की जेवण तयार. आपल्या आजीच्या डब्यातलं सातूचं पीठ आठवलं ना? बाहेरचे लोक त्याला त्साम्पा म्हणतात, लडाखी नाव ङाम्फे. याच पिठात वाटाण्याचं पीठ मिसळून, पाण्यात घट्ट शिजवून ‘पाबा’ करतात. त्याबरोबर ‘तांगतुर’, म्हणजे रानभाजी घातलेलं ताक. भाकरी-ताकावर वाढलेल्या आपल्या बायकांना हे जेवण परकं वाटायचं कारण नाही.

‘स्क्यू’ तर आपल्या वरणफळांची सख्खी बहीण! एकदा घरी करून बघाच. दोन वाट्या कणीक मीठ घालून घट्ट भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. तिच्या बोराएवढ्या गोळ्या करून प्रत्येकीला अंगठ्यानं दाबा, म्हणजे मध्ये खळगा पडेल. तेलावर कांदा-आलं-लसूण परतून बटाटा, गाजर आणि सलगमचे मोठे तुकडे घाला, सहा वाट्या पाणी आणि मीठ घाला. भाज्या अर्ध्या शिजल्या की उकळी असतानाच गोळ्या सोडा. शिजल्यावर अर्धी वाटी दूध घालून लगेच उतरवा. चौघांना पोटभर होतं. एकच पातेलं आणि एकदाच जाळ! लडाखात मटणही घालतात. मसाला जवळजवळ नाही, म्हणून पहिल्या घासाला अळणी वाटेल. दुसऱ्या वाढपाला मुलंच मागतील.

चहा मात्र सवयीचा प्रश्न. लोणी आणि मीठ घालून लाकडी नळकांड्यात घुसळलेला हा चहा. घुसळताना जो आवाज होतो, त्यावरून नाव ‘गुरगुर’. चहा म्हणून प्यायलात तर तोंड वाकडं होईल. सूप समजून प्या, मग आवडेल. कोरड्या थंडीत ओठ फुटतात, अंगातली ऊब जाते, तिथे हे लोणी औषधाचं काम करतं.

जुन्या लडाखी घरात स्वयंपाकघर ही सगळ्यांत मोठी, सगळ्यांत ऊबदार खोली. पाहुणा तिथेच बसतो. मधोमध नक्षीची मोठी चूल आणि भिंतभर फळ्यांवर तांब्या-पितळेची लखलखीत भांडी. (ती घासायला पाणी किती लागत असेल, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही!) हिवाळ्यासाठी सलगम, बटाटे, गाजरं जमिनीतल्या खड्ड्यांत पुरतात, पालेभाज्या आणि जर्दाळू छपरावर वाळवतात.

दागिन्यांत ‘पेराक’ बघण्यासारखा. कातड्याच्या पट्टीवर निळे-हिरवे पिरोजे ओळीनं शिवलेले, कपाळापासून पाठीपर्यंत नागाच्या फण्यासारखा येणारा हा शिरोभूषणाचा प्रकार आईकडून थोरल्या मुलीकडे जातो.

पण खरी दौलत पाणीच. ओढ्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी, हे ठरवायला गाव एक माणूस नेमतं. त्याला चुरपोन म्हणतात. संडाससुद्धा बिनपाण्याचा: वरून माती टाकायची आणि वर्षानं तेच खत शेतात न्यायचं. नाक मुरडू नका, त्या खतावरच तो सातू पिकत आला आहे.

परदेशी प्रवाशांना लडाख १९७४ साली खुलं झालं. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या २,७४,२८९ होती. २०२२ साली एका वर्षात पाच लाखांवर प्रवासी आले. प्रत्येकाला फ्लश हवा, दोनदा आंघोळ हवी. मग हॉटेलांनी बोअरवेल खणल्या, आणि बऱ्याच ठिकाणी सांडपाणी शोषखड्ड्यांतून त्याच जमिनीत मुरतं. वर हिमनद्या आटत आहेत. झंस्करमधल्या कुमिक गावाचा ओढा इतका रोडावला, की लोकांना खाली नदीच्या बाजूला नवी वस्ती वसवावी लागली.

पेरणीला पाणी लागतं एप्रिल-मेमध्ये, आणि हिमनदीचं पाणी येतं जूननंतर. म्हणून अभियंता चेवांग नोरफेल यांनी हिवाळ्यात फुकट वाहून जाणारं पाणी सावलीत अडवून, गोठवून ठेवायची रीत काढली. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक यांनी तेच पाणी नळानं उंच उडवून त्याचे बर्फाचे सुळके उभारले. हे हिमस्तूप वसंतात हळूहळू वितळतात आणि शेतं भिजवतात.

दुसरं संकट ताटातलं. रेशनवर मैदानातला स्वस्त तांदूळ आला, भात ‘शहरी’ आणि सातू ‘गावंढळ’ ठरला. नाचणीचं आपल्याकडे काय झालं, ते वेगळं सांगायला नको. पण तिथल्या बायका गप्प बसल्या नाहीत. १९९१ पासून ‘आमा त्सोग्सपा’ ही महिलांची संघटना जुनं धान्य, विणकाम, खाणं टिकवायला झटते आहे. अल्चीला, भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या प्राचीन मंदिरांजवळ, निल्झा वांगमो यांनी खास लडाखी पदार्थांचं ‘अल्ची किचन’ काढलं. ज्याला गावंढळ म्हणत, तेच खायला आता लोक मुद्दाम वाट वाकडी करून येतात! त्यांना २०१९ सालचा नारीशक्ती पुरस्कारही मिळाला.

तेव्हा यंदा जाणार असाल, तर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्या. दमा, रक्तदाब असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. आंघोळ एका बादलीत उरका. एक-दोन रात्री हॉटेल सोडून खेड्यातल्या घरी राहा आणि घरच्या बाईला ‘आचे-ले’, म्हणजे ताई, अशी हाक मारून ती जे करेल तेच जेवा. पैसे थेट तिच्या हातात पडतात.

आणि जर्दाळू आणायचे ते लेहच्या बाजारात फुटपाथवर बसणाऱ्या बायकांकडूनच घ्या. फार पिवळेधमक, चकचकीत दिसणारे नकोत. उन्हात नुसते वाळवलेले तपकिरी, सुरकुतलेले असतात, चव त्यांना. घेताना आतली बी गोड की कडू, तेवढं विचारून घ्या. गोड बी बदामासारखी खाता येते. कडू मात्र विषारी, ती मुलांच्या हाती लागू देऊ नका.