तिन्हीसांजेला रडणारे बाळ

संध्याकाळचे साडेसहा वाजतात, देवापुढे दिवा लागतो आणि महिनाभराचे बाळ रडायला लागते. दूध पाजून झालेले असते, दुपटे बदललेले असते, अंगात ताप नसतो. तरी मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, चेहरा लालबुंद होईपर्यंत ते रडते. मग घरात ज्याला जे सुचेल ते सुरू होते. आजी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते. कोणी बेंबीभोवती हिंग लावते, कोणी धुरी देऊ म्हणते. मावशी फोनवरून ग्राइप वॉटर सुचवते. आणि शेवटी कुणीतरी बाळंतिणीकडे पाहत ते वाक्य बोलतेच, ‘दूध पुरत नसेल गं तुझं. दुपारी काय खाल्लं होतंस?’ साडेनवाच्या सुमारास बाळ झोपते. आई मात्र ते वाक्य घेऊन जागी राहते.

या रडण्याचा अभ्यास बालरोगतज्ज्ञ बऱ्याच वर्षांपासून करत आहेत. अमेरिकेतील डॉ. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ८० निरोगी बाळांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. बाळ कधी आणि किती वेळ रडते, हे आयांनी रोजच्या रोज टिपून ठेवले होते. दोन आठवड्यांची बाळे दिवसाला सरासरी पावणेदोन तास रडत होती. सहाव्या आठवड्यात हे रडणे पावणेतीन तासांवर गेले आणि पुढे उतरत जाऊन तिसऱ्या महिन्याअखेर बरेच कमी झाले. त्यातही संध्याकाळचा वाटा मोठा होता. ही सगळी धडधाकट, नीट वाढणारी बाळे होती, हे लक्षात घ्यायला हवे.

पुढच्या अभ्यासांतही हाच चढ-उतार दिसत राहिला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हा कळस जन्मापासून सहाव्या आठवड्याला येत नाही. मूळ प्रसूतीच्या तारखेपासून मोजलेल्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास येतो. म्हणजे बाळाने बाहेर किती दिवस काढले यापेक्षा त्याचा मेंदू कितपत वाढला आहे, याच्याशी या रडण्याचा संबंध अधिक दिसतो. बोत्सवानातील कालाहारी वाळवंटात राहणाऱ्या कुंग सान लोकांमध्ये बाळ दिवसभर आईच्या अंगावर असते आणि तासाभरात अनेकदा दूध पिते. त्यांच्या बाळांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही पहिल्या तीन महिन्यांत रडणे अधिकच होते. फक्त प्रत्येक वेळचे रडणे लवकर थांबत होते.

या रडण्याला डॉक्टर ‘कोलिक’ म्हणतात, आपण ‘पोट दुखतंय’ म्हणतो. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल यांनी १९५४ मध्ये त्याची व्याख्या केली : दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त आणि तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ रडणे. पण पोटच दुखते याचा ठोस पुरावा फारसा नाही. जोरात रडणारे बाळ कोणत्याही कारणाने रडत असले तरी पाय पोटाशी घेतेच. रडताना ते हवाही गिळते. त्यामुळे पोटात धरलेला गॅस पुष्कळदा रडण्याचे कारण नसतो, परिणाम असतो.

रडणे आपोआप उतरणारे असल्यामुळे कोणत्याही उपायाला श्रेय मिळते. दृष्ट काढली आणि तासाभराने बाळ निजले. थेंब दिले आणि तिसऱ्या महिन्यात त्रास गेला. मीठ-मोहऱ्यांनी बाळाचे काही बिघडत नाही. आजीच्या हाताला काम मिळते आणि घर जरा शांत होते. इतर उपायांबद्दल असे म्हणता येत नाही. धुरीचा धूर कोवळ्या फुप्फुसांना त्रास देतो. सहाणेवर उगाळलेल्या गुटीतून, पाण्यातून जंतू पोटात जाऊ शकतात. मधाचे बोट तर वर्षाच्या आतील बाळाला मुळीच चाटवू नये. त्यातून क्वचित, पण जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेल्या मूळ ग्राइप वॉटरमध्ये चक्क अल्कोहोल होते! आज ते नसले, तरी त्याने कोलिक बरे होते याला आधार नाही. गॅसवरचे सिमेथिकोनचे थेंब चाचण्यांमध्ये साध्या थेंबांपेक्षा सरस ठरलेले नाहीत. डायसायक्लोमीन हे पोटदुखीचे औषध सहा महिन्यांखालील बाळाला देऊ नये; त्याने श्वास अडखळल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. जुन्या चिठ्ठीवरून किंवा शेजारच्या बाळाची उरलेली बाटली आणून ते देणे तर फारच वाईट.

दुधाच्या शंकेचे काय? ती रडण्यावरून मोजायचीच नसते. पहिल्या आठवड्यानंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि वजन नियमित वाढत असेल, तर दूध पुरते आहे. रडण्याला घाबरून वरचे दूध सुरू झाले की बाळ अंगावर कमी पिते आणि कमी प्यायल्याने दूध खरोखरच आटू लागते. घरच्यांची शंका अशी स्वतःलाच खरी करून दाखवते.

‘उचलून घेऊ नकोस, हाताची सवय लागेल’ हाही सल्ला या वयात निराधार आहे. १९८६ मध्ये कॅनडात झालेल्या एका चाचणीत आयांनी बाळांना रोज जास्त वेळ, तेही रडत नसताना, कडेवर किंवा झोळीत घेतले. सहाव्या आठवड्यात त्या बाळांचे रडणे ४३ टक्क्यांनी कमी भरले. आधीच खूप रडणाऱ्या बाळांमध्ये मात्र पुढे असा फायदा दिसला नाही. तेव्हा घेऊनही बाळ रडत राहिले, तर घेणाऱ्याचे काही चुकले असे नाही.

खरा धोका मोठ्या माणसांच्या थकव्यात आहे. रात्री दोन वाजता, तीन आठवड्यांच्या अपुऱ्या झोपेनंतर, न थांबणारे रडणे ऐकताना प्रेमळ आईबापांच्याही हाताला संतापाने कंप सुटतो. त्या क्षणी बाळाला गदागदा हलवले, तर कमकुवत मानेवरचे जड डोके मागेपुढे हिसडते आणि मेंदूत, डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव होऊ शकतो. अंधत्व, अपंगत्व, मृत्यू इतके त्याचे परिणाम गंभीर असतात. असे वाटू लागले तर बाळाला पाळण्यात उताणे ठेवावे, दार ओढून घ्यावे आणि दहा मिनिटे बाहेर बसावे. त्या दहा मिनिटांच्या रडण्याने बाळाला काही होत नाही. घरात दुसरे कोणी असेल तर त्याच्याकडे द्यावे. आई माहेरी आणि बाबा फक्त शनिवार-रविवारी येणार, अशी सोय असेल तर त्या दोन संध्याकाळी तरी बाळ बाबांच्या खांद्यावर असावे.

काही रडणे मात्र वेगळे असते. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, हिरवी उलटी, शीतून रक्त, फुगलेली टाळू, जांघेत गाठ, दूध न ओढणे, मलूल पडणे किंवा कण्हल्यासारखे क्षीण रडणे दिसले, तर रात्र असली तरी डॉक्टर गाठावा. दुपटे सोडून हातापायांची बोटेही पाहावीत. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात आणि एखादा केस बोटाला गुंडाळून करकचून बसलेला असतो.

आईकडेही तसेच पाहायला हवे. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास राहिले, बाळ झोपले असतानाही झोप येईना, ‘मी चांगली आई नाही’ हे पालुपद थांबेना, तर तो प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर थांबू नये. आईला एकटे न सोडता लगेच रुग्णालयात न्यावे. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो फ्रिजवर, लसीकरणाच्या कार्डाशेजारी लिहून ठेवावा, म्हणजे रात्री शोधावा लागणार नाही.