'गेट्' या इंग्रजी क्रियापदाची अनेकार्थता

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला 'गेट्' हे क्रियापद फार लवकर भेटते आणि फार उशिरा कळते. मिळणे, मिळवणे, आणणे, पोचणे, होणे, करवणे, समजणे, आजार जडणे अशी मराठी प्रतिशब्दांची लांबलचक रांग कोशात त्याच्यापुढे मांडलेली असते आणि ती पाठ केली म्हणजे शब्द आला, असा विद्यार्थ्यांचा व बहुधा अध्यापकांचाही समज असतो. परंतु परस्परांशी इतके असंबद्ध अर्थ एका शब्दात कसे एकवटले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याहूनही मूलगामी प्रश्न असा की, हे सर्व अर्थ खरोखर त्या शब्दाचे आहेत काय?

प्रथम शब्दाची पूर्वपीठिका पाहणे उपयुक्त ठरेल. इंग्रजीचा कणा वाटावा असा हा शब्द आजच्या रूपात मूळचा इंग्रजी नव्हे. प्राचीन इंग्रजीत त्याचा सजातीय धातू प्रायः उपसर्गयुक्त रूपांतच वावरत असे. 'बिगेट्' आणि 'फर्गेट्' ही त्या रूपांची आजची वंशज होत. तेथे धातूच्या आरंभीचे व्यंजन तालव्य, म्हणजे 'य'सारखे उच्चारले जाई. आजचा कठोर 'ग' हा उत्तरेकडून आलेल्या स्कँडिनेव्हियन वसाहतकारांच्या प्राचीन नॉर्स भाषेतील 'गेता' या धातूचा वारसा होय. 'यील्ड' या शब्दात देशी उच्चार टिकला, 'गिव्ह' व 'गेट्' यांत पाहुण्यांचा. लॅटिनमधील 'प्रेहेन्देरे', म्हणजे पकडणे, हाही दूरचा आप्तच. इ. स. १२०० च्या सुमारास इंग्रजी लेखनात स्वतंत्रपणे दिसू लागलेल्या या क्रियापदाचा गाभ्याचा अर्थ 'प्राप्त करणे' हा होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते विशेषणाबरोबर 'होणे' या अर्थी आणि सतराव्या शतकाच्या मध्यापासून भूतकालवाचक धातुसाधिताबरोबर कर्मणी रचनेत आढळू लागते.

हा अर्थविस्तार वरवर पाहता स्वैर वाटतो. वस्तुतः त्यात एक सूत्र आहे. 'शी गॉट अ लेटर' असे म्हटल्यानंतर 'शी हॅज अ लेटर' हे विधान खरे ठरते. 'शी गॉट होम' यानंतर 'शी इज होम', 'शी गॉट अँग्री' यानंतर 'शी इज अँग्री', 'शी गॉट द डोअर ओपन' यानंतर 'शी हॅज द डोअर ओपन'. म्हणजे 'हॅव' आणि 'बी' ही क्रियापदे जी स्थिती सांगतात, तिच्यात प्रवेश होणे एवढेच 'गेट्' सांगते. ती स्थिती स्वामित्वाची, स्थानाची की मनोवृत्तीची, हे पुढे येणारे नाम, क्रियाविशेषण वा विशेषण ठरवते. कोशकार ज्यांना क्रियापदाचे निरनिराळे अर्थ म्हणून क्रमांक देतो, त्यांतील पुष्कळसे वाक्यरचनेचे अर्थ असतात.

मग मराठी वाचकाला ते इतके वेगळे का भासतात? कारण मराठी जेथे भेद करायला भाग पाडते, तेथे इंग्रजी मौन पाळते. 'मला पत्र मिळाले' आणि 'मी परवाना मिळवला' या वाक्यांत क्रियापद तर बदलतेच, पण व्यक्तीची विभक्तीही बदलते. पहिलीत ती केवळ ग्राहक आहे, दुसरीत प्रयत्न करणारी. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'आय गॉट' एवढेच येते. ताप 'आला' तरी तेच, दुकानातून साखर 'आणली' तरी तेच. द्वैभाषिक कोशातील अर्थसंख्या ही पुष्कळदा मूळ शब्दाची नसून प्रतिशब्द पुरवणाऱ्या भाषेची मोजणी असते. आपल्या 'लागणे' या क्रियापदाची हीच अवस्था इंग्रज अभ्यासकापुढे होते: भूक लागते, आग लागते, वेळ लागतो, पाऊस पडू लागतो आणि कामावर जावे लागते.

कर्त्याविषयीचे हे मौन कर्मणी रचनेत विशेष अर्थपूर्ण होते. 'ही वॉज अरेस्टेड' हे तटस्थ निवेदन आहे. 'ही गॉट अरेस्टेड' यात त्या माणसावर काहीतरी गुदरले ही भावना आहे, आणि संदर्भानुसार ते त्याने स्वतःच ओढवून घेतले असावे, अशी सूचनाही. 'द लेटर गॉट रिटन' याचा भाव 'पत्र अखेर एकदाचे लिहून झाले' असा. उलट, सर्वांना ठाऊक असणे यासारखी केवळ स्थिती सांगताना ही रचना चालत नाही, कारण तेथे प्रवेशाचा क्षणच नसतो. प्रयोजक रचनेतही हीच छटा टिकते. 'मेड हिम साइन' म्हणजे सही करायला लावली. 'गॉट हिम टु साइन' म्हणजे त्याच्याकडून सही करून घेतली. 'लावणे' आणि 'करून घेणे' यांतील अंतर जाणणाऱ्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. तरी पाठ्यपुस्तके दोहोंपुढे 'करवणे' हा एकच निर्जीव प्रतिशब्द ठेवतात, हे खेदजनक आहे.

'हॅव गॉट' हा प्रयोग मात्र सूत्राला अपवाद वाटतो, कारण तेथे प्रवेश नाही, केवळ स्वामित्व आहे. पण 'प्राप्त केले आहे' याची परिणती 'जवळ आहे' यात होणे स्वाभाविकच. संस्कृत 'वेद' हे रूप परोक्षभूताच्या प्रत्ययांचे असून अर्थ 'जाणतो' असा वर्तमानाचा. 'तो झोपला आहे' या मराठी वाक्यातही घडून गेलेली क्रिया चालू स्थिती दाखवते. डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात हा स्वामित्वार्थ नोंदलेला आहे. तेव्हा त्याला अलीकडची अशिष्ट सवय मानण्याचे कारण नाही. अमेरिकन इंग्रजीने तर येथे उपयुक्त भेद राखला आहे: 'हॅव गॉटन' म्हणजे मिळवले आहे, 'हॅव गॉट' म्हणजे जवळ आहे. इंग्लंडच्या प्रमाणभाषेत 'गॉटन' मागे पडले आणि 'इल-गॉटन' यासारख्या समासांत उरले.

या सूत्राने सर्व काही उलगडते असे नव्हे. 'गेट ओव्हर' म्हणजे आजाराच्या वा दुःखाच्या पलीकडे जाणे, हे सहज जुळते. 'आय गेट इट' यातील आकलनाचा अर्थही 'हाती येणे' या कल्पनेतून निघतो. परंतु 'गेट अवे विथ', म्हणजे गैरकृत्य करून शिक्षेवाचून सुटणे, यातील 'विथ'चे कार्य कोणत्याही सामान्य नियमातून काढता येत नाही. असे प्रयोग कोशाने एकेक करून नोंदवावेत आणि विद्यार्थ्याने पाठच करावेत. रांगेतील जागा त्यांच्यासाठी राखून ठेवावी.