प्रश्न रुग्णालाच विचारा

‘याला आता ठाण्यालाच पाठवायला हवं!’ मुंबईपासून कसाऱ्यापर्यंत कुणीही कुणाला सहज ऐकवतं. १९०१ पासून उभ्या असलेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयाचं नाव असं चिडवण्यापुरतं वापरलं जातं आणि त्यासोबत एक समज पसरत राहतो: मानसिक आजार झाला की माणसाचं मत बाद. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या सोसायट्यांमध्ये हा समज आहेच. पण जिथे तो मुळीच नसायला हवा, त्या उपचारांच्या खोलीतही तो शिरलेला दिसतो.

तिशीचा तरुण आईसोबत तपासणीला येतो. डॉक्टर केसपेपर उघडतात आणि आईला विचारतात, ‘झोपतो का नीट? गोळ्या वेळेवर घेतो?’ तरुण शेजारच्याच खुर्चीत बसलेला असतो. गोळ्यांमुळे हात थरथरतात, जेवताना वाटी धरवत नाही, हे त्याला सांगायचं असतं. त्याला कुणी विचारतच नाही. शेवटी वैतागून तो गोळ्या बंद करतो, तर ‘आजाराची जाणीवच नाही’ असा शेरा पडतो.

मनोरुग्णाला स्वतःचा निर्णय घेता येत नाही, हा गैरसमज कायद्याने केव्हाच खोडून काढला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, अंमलबजावणी २०१८ पासून. उपचारांविषयीची माहिती समजत असेल, परिणाम कळत असतील किंवा आपलं म्हणणं बोलून, खुणेने, कोणत्याही मार्गाने सांगता येत असेल, तर ती व्यक्ती निर्णयक्षम मानायची, असं त्याचं चौथं कलम सांगतं. तिचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून तिची क्षमता नाकारता येत नाही. स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल तेव्हा तिच्या संमतीविना दाखल करण्याची तरतूद आहे. पण त्यालाही आधी ३० दिवसांची मर्यादा आणि पुनर्विलोकन मंडळाची देखरेख आहे.

मनोरुग्णाची शारीरिक तक्रारही मनाचीच असते, हा दुसरा समज तर जिवावर बेतू शकतो. छातीत दुखतंय म्हणणाऱ्या मनोरुग्णाला ‘टेन्शनमुळे होतं तसं’ म्हणून परत पाठवलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार तीव्र मानसिक आजार असलेल्या व्यक्ती इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी दगावतात, आणि त्यांतले बरेच मृत्यू हृदयविकारासारख्या टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांनी होतात. फाइलवर स्किझोफ्रेनिया लिहिलेला असला, तरी ईसीजी काढावाच लागतो.

शारीरिक अपंगत्व असलेल्यांच्या वाट्याला नेमकं उलटं येतं. व्हीलचेअरवरची बाई महिनोन्‌महिने झोपत नाही, जेवत नाही. तिला ऐकवलं जातं, ‘तुमच्या जागी कुणीही खचलंच असतं.’ म्हणजे नैराश्य हा तिच्या शरीराचाच भाग ठरला, मग उपचार कशाला? पण नैराश्य हा आजार आहे आणि तो तिच्यातही बरा होऊ शकतो. डोंबिवलीतल्या कितीतरी जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. समुपदेशकाची खोली दुसऱ्या मजल्यावर असेल, तर तिथवर ती पोहोचणार कशी? कर्णबधिर माणसाला घरच्यांनाच दुभाषी करून बोलावं लागलं, तर घरातल्या जाचाबद्दल तो कसं सांगेल?

‘मतिमंद आणि मनोरुग्ण एकच’ हाही पक्का बसलेला समज. बौद्धिक अक्षमता ही बुद्धीच्या अपुऱ्या वाढीची अवस्था; ती २०१७ च्या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत येतच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत दोन्हींची नोंद स्वतंत्र आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलालाही नैराश्य येतं, भीती वाटते. ‘त्याला काय कळतंय’ म्हणत ते नजरेआड केलं जातं.

आणि एकदा मनोरुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, हा समज? तो खरा ठरवतो तो आपला समाज. बऱ्या झालेल्या रुग्णांना न्यायला घरचे येत नाहीत; मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी हा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयात नेला. घर नाही किंवा घरच्यांनी नाकारलं, एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही, असं २०१७ च्या कायद्याचं १९ वं कलम स्पष्ट सांगतं. ठाण्यातच १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेने रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ मानून दोघांनाही बोलतं केलं. उपचारांची खरी वाट हीच आहे.

घरात कुणी मानसिक आजारावर उपचार घेत असेल, तर एक काम आजच करता येईल. आपल्या वतीने कोण बोलेल, हे त्यांनाच ठरवू द्या. हा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमायला साधा कागद आणि त्यांची सही किंवा अंगठा पुरतो. आणि पुढच्या तपासणीला डॉक्टर तुमच्याकडे पाहून प्रश्न विचारू लागले, तर नम्रपणे सांगा: ‘डॉक्टर, त्यांनाच विचारा.’