पायधुनी ते भायखळा : युवकांची कार्तिकी यात्रा

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते. चार महिने एका स्थानी राहिलेले साधू-साध्वी भगवंत विहाराला निघतात आणि पालिताण्याच्या शत्रुंजय गिरिराजाची यात्रा पुन्हा सुरू होते. द्राविड आणि वारिखिल्ल हे दहा कोटी मुनींसह याच तिथीला तेथे मोक्षास गेले, अशी श्रद्धा आहे. ज्यांना गिरिराजापर्यंत जाणे घडत नाही, असे असंख्य मुंबईकर श्रावक त्या दिवशी भायखळ्याच्या आदीश्वर मंदिरात जातात.

गेल्या कार्तिकीला डोंबिवलीतील तीसएक युवक-युवतींनी दिवाळीच्या सुट्टीतील सहलीसाठी हाच मार्ग निवडला. निवड एकमताने झाली नव्हती. ‘मंदिरे नेहमीचीच, सहल खंडाळ्याला जावी,’ असे म्हणणारेही त्यांत होते. अखेर दिवसभर शहरातून पायीच फिरायचे, एवढ्या अटीवर सर्व राजी झाले.

सकाळच्या लोकलने मशीद बंदर गाठून मंडळी पायधुनीच्या गोडीजी पार्श्वनाथ मंदिरात पोहोचली. 1812 मध्ये स्थापन झालेल्या या मंदिराच्या परिसरात एकेकाळी अनेकांच्या आजोबांची बिऱ्हाडे आणि पेढ्या होत्या. पुढे कुटुंबे उपनगरांत गेली. एका युवकाने आजोबांची पेढी असलेली गल्ली शोधून काढली. दुकान होते, पाटी मात्र दुसऱ्याची होती.

तेथून सर्व जण भुलेश्वरच्या पांजरापोळात गेले. 1832 मध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम उघडली, तेव्हा मुंबईत मोठा क्षोभ उसळला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली. व्यापाऱ्यांनी केवळ देणगी देऊन हात झटकले नाहीत. आपल्याच मालाच्या उलाढालीवर त्यांनी ठरावीक लाग बसवून घेतला आणि मुक्या जीवांच्या चाऱ्यासाठी कायमची तरतूद केली. गाईंना चारा घालताना हा इतिहास ऐकून खंडाळ्याचा आग्रह धरणारेही शांत झाले.

भायखळ्याचे मंदिरही मोतीशा शेठ यांनीच बांधलेले. दुपारी तेथे दर्शनार्थींची मोठी रांग होती. शत्रुंजयाच्या पटासमोर एकवीस खमासमण देऊन भावयात्रा चालली होती. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका युवतीने शेजारच्या वृद्ध श्रावकांना विचारले, “काका, चित्राला वंदन करून यात्रा कशी घडते?”

ते म्हणाले, “बेटा, पावसाळ्यात पायाखाली जीव येऊ नयेत म्हणून आपण चार महिने गिरिराजाची यात्राच थांबवतो. पाऊल आवरले ते जीवदयेसाठी. भाव कोणी आवरायला सांगितला? आणि मोतीशा शेठांचेच पाहा ना. शत्रुंजयावर कुंतासरची दरी भरून त्यांनी टूंक बांधायला घेतली. 1836 मध्ये ते गेले. प्रतिष्ठा त्यांच्या पुत्राने, खीमचंदभाईंनी केली. शेठना ती पाहता आली नाही, म्हणून त्यांची यात्रा घडली नाही असे म्हणशील?”

युवती काही बोलली नाही. पटासमोर जाऊन तिने खमासमणाला आरंभ केला.

सोबतचे खाकरे, दशम्या आणि उकाळलेले पाणी यांवर दुपारचे भोजन झाले. सूर्यास्तापूर्वी चौविहार करता यावा म्हणून मंडळी वेळेवर परतीच्या लोकलमध्ये बसली. प्रवासात एक ठराव झाला : प्रत्येकाने दरमहा शंभर रुपये जीवदयेच्या खात्यात जमा करायचे, आणि तेही बँकेला कायमची सूचना देऊन, म्हणजे विसरायला वाव नको. ज्यांना अद्याप उत्पन्न नाही, त्यांनी महिन्यातून एक रविवार पांजरापोळात सेवेला जायचे.

सहलीचा उत्साह चार दिवसांत ओसरतो, हा सर्वांचाच अनुभव आहे. जुन्या व्यापाऱ्यांचा लाग मात्र एका दिवसाच्या उत्साहावर अवलंबून नव्हता. म्हणूनच त्यांचा पांजरापोळ आजही उभा आहे. या युवकांनी तोच धडा गिरवायला घेतला आहे. तो किती पक्का झाला, हे पुढच्या कार्तिकीला त्यांचे पासबुकच सांगेल.