गिधाडे परत येताहेत

पूर्वी बैल मेला, गावाबाहेर टाकला, की आभाळातून गिधाडे उतरत. बघता बघता हाडे तेवढी उरत. आता पालमकडे काय, कोठेही मढे कुजते, घाण सुटते, कुत्री माजतात. गिधाडे गेली कुठे?

औषधाने मेली. आजारी जनावराला डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन देत. जनावर दगावले, तर औषध मांसात राही. ते मांस खाऊन गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर हजारांत एक उरली! 2006 साली सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले.

पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. मग वाढ व्हायची कशी? म्हणून हरियाणात पिंजोरला गिधाडे पाळून पिल्ले वाढवतात. तेथली 20 गिधाडे 2024 साली ताडोबा आणि पेंचच्या जंगलात आणली. आधी मोठ्या पिंजऱ्यात ठेवली, मग सोडली. पाठीवर छोटे यंत्र, त्यावरून ठावठिकाणा कळतो. ताडोबाचे एक तर उडत उडत पार तमिळनाडूत गेले! वाटेत ते कोणाचेही ढोर खाणार.

तेव्हा जनावराला सूज आली, ताप आला, तर विचारा, “डॉक्टरसाहेब, हे डायक्लोफेनॅक नाही ना?” मेलोक्सिकॅम चालते. ते गिधाडाला बाधत नाही.