जुन्या ट्रॅक्टरचे पॉवर स्टिअरिंग : हंगामापूर्वी काय पाहावे?



गव्हाणीत मोळी पडण्यास आता थोडेच दिवस राहिले. वाहतुकीचे करार झाले, टोळ्यांना उचल दिली गेली. पण ज्या ट्रॅक्टरवर सारा ऊस यावयाचा, त्याच्या स्टिअरिंगकडे कोणी पाहिले का? बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असेच येईल, म्हणून हा लेखप्रपंच.

मागे एका हंगामात आमच्या गटातील एका सभासदाचा जुना ट्रॅक्टर दोन भरल्या ट्रॉल्यांसह रस्त्यावरच अडला. स्टिअरिंग वळेना. मिस्त्री म्हणाला, ‘पंप गेला.’ नवा पंप बसविला, तरी जडपणा तसाच! अखेर पाहिले तर तेलाच्या टाकीतील फिल्टर गाळाने बुजलेला. पंपाचे पैसे गेले, दोन दिवस गेले आणि तोडलेला ऊस फडात वाळून वजन व उतारा दोन्ही घटले.

कुर्डुवाडीला यंत्र नवे नाही. १८९७ साली बार्शी-कुर्डुवाडी ही अडीच फुटी रेल्वे सुरू झाली आणि पुढे तिचे वर्कशॉपही आपल्याच गावात आले. चांगल्या फिटरचा नियम एकच : आधी पाहावे, मग खोलावे. तोच येथे लागू आहे.

काम कसे चालते?

इंजिनवर चालणारा पंप टाकीतील तेल ओढून दाबाने पुढे ढकलतो. चाक फिरविले की स्टिअरिंगखालचा व्हॉल्व्ह ते तेल सिलिंडरच्या एका बाजूस सोडतो. सिलिंडरमधील दट्ट्या सरकतो व पुढची चाके वळतात. दट्ट्याचे क्षेत्रफळ १२ चौरस सेंटिमीटर आणि तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो धरला, तर १२०० किलोचा जोर मिळतो. म्हणून तर एका हाताने गाडी वळते.

काही ट्रॅक्टरांत स्टिअरिंगपासून चाकापर्यंत लोखंडी जोड असतो व तेल फक्त मदत करते. दुसऱ्या प्रकारात मध्ये जोड नसतोच, सारा कारभार तेलावर. आपला ट्रॅक्टर कोणत्या प्रकारचा, हे मालकाला ठाऊक असलेच पाहिजे.

स्टिअरिंग जड झाले तर या क्रमाने पाहावे

१) पुढच्या टायरची हवा. साधारण २६ ते ३० पौंड लागते, नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा.

२) एक्सलची सेंटर पिन, किंगपिन व टाय रॉडचे सांधे. पुढची चाके जॅकवर उचलून ग्रीस भरावे. निपल बुजले असतील तर ग्रीस आत जातच नाही.

३) टाकीतील तेलाची पातळी व रंग. फेस आला असेल तर कोठून तरी हवा शिरते. तेल स्थिर होऊनही दुधाळ राहिले, तर पाणी शिरले आहे. असे तेल बदलावे.

४) फिल्टर. पंप कण्हल्यासारखा आवाज करू लागला, तर तेल कमी आहे, फिल्टर बुजला आहे किंवा ओढीच्या पाइपातून हवा शिरते आहे.

५) पंप बेल्टवर असेल तर बेल्ट. अंगठ्याने दाबल्यावर सुमारे अर्धा इंच दबावा. त्याहून सैल असेल तर घसरतो.

एवढे करूनही फरक पडला नाही, तरच पंप, सिलिंडर व व्हॉल्व्हकडे वळावे. दाब मोजण्याचे घड्याळ लावल्याशिवाय ‘पंप गेला’ हे मान्य करू नये. सील आणताना जुने सील बरोबर न्यावे. खोललेले भाग स्वच्छ डिझेलने धुवावेत, पण सुती बोळ्याने पुसू नयेत. त्याचा एक धागाही व्हॉल्व्ह अडवितो.

तेल बदलल्यावर आतली हवा काढावी लागते. पुढची चाके उचलून खाली भक्कम ठोकळे द्यावेत, इंजिन मंद चालवावे आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सात-आठ वेळा फिरवावे. टोकाला दाबून धरू नये. मध्ये मध्ये तेल पुरवीत जावे.

येथे जुगाड नको

होज पाइप फुगला किंवा झिरपू लागला की आपल्याकडे पाण्याचा पाइप, तार व रबरपट्टी यांवर काम भागवितात. हे अगदी चुकीचे. वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारात सिलिंडरचा पाइप फुटला, तर चाक हातात फिरत राहील आणि ट्रॅक्टर वळणार नाही. मागे भरल्या ट्रॉल्या, पुढे शाळेतून सुटलेली मुले, हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. तेवढाच दाब सोसणारा नवा पाइपच बसवावा.

गळती हाताने चाचपू नये. दाबाचे तेल सुईसारखे कातडीत शिरते. पुठ्ठा धरून पाहावे. तसे झालेच तर जखम लहान दिसली तरी ताबडतोब डॉक्टरकडे जावे. जोर वाढावा म्हणून रिलीफ व्हॉल्व्हखाली वायसर घालू नयेत, पाइप व सील फुटतात.

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय काही चालकांना आहे. पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे तेलाची मदतही बंद!

शेवटी एक. ट्रॉलीचा भार दांडीवर जास्त पडला की ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात. स्टिअरिंग हलके लागते, पण गाडी वळत नाही. हा दोष स्टिअरिंगचा नसून भरणीचा आहे.

फडात कोयता लागण्यापूर्वी अर्धा दिवस या कामाला द्यावा. ग्रीस, फिल्टर व तेल यांवरचा खर्च एका बुडालेल्या खेपेपुढे काहीच नाही. काही अडचण वाटल्यास गट ऑफिसात यावे, आम्ही आहोतच.

— ऊस विकास अधिकारी